नाखव्याची वही : प्रकल्प नोंदी

८ नोव्हेंबर, शनिवार, ठाणे

टेबलावर बसून फाशांनी खेळायच्या आमच्या भूमिका-खेळातली जुनी वस्तू एका ओळीची होती : ‘दर्यावर्दीचं पुस्तक. जवळ असल्यास दिशा ओळखण्याच्या फाशात चार अधिक.’ मागच्या अख्ख्या मोहिमेत ते पुस्तक एकदाही उघडलं गेलं नाही. डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, चार मिळवायचे, जहाज बंदरात. पुस्तकाच्या जागी ताईत असता तरी काही फरक पडला नसता. ही वस्तू आजपासून बाद.

नवी वस्तू म्हणजे ‘नाखव्याची वही’. फाशाला काहीही अधिक नाही. खेळाडूंच्या हातात खरीखुरी शिवलेली ४८ पानी वही द्यायची. तिच्यात ताऱ्यांच्या उंच्या, पल्ले, पाण्याची खोली, तळाची माती, भरतीचे हिशेब आणि वाऱ्यांचे महिने असतील. माहिती पूर्ण आहे, पण मोजल्याशिवाय ती कामाला येत नाही. खेळाडूने तारा मोजला नाही, दोरी सोडली नाही, तर वही मुकी.

नमुना अरबी समुद्राचाच. पंधराव्या शतकातला अरब नाविक इब्न माजिद आणि त्याच्या परंपरेतले मुअल्लिम, कच्छचे मालम (दोघेही जहाजाचे वाटाडे) यांच्या लिखाणात नकाशापेक्षा मजकुराला मान आहे : अमुक बंदराहून अमुक ताऱ्याच्या रोखाने इतके जाम (प्रहर), मग ध्रुव इतक्या बोटांवर, मग तळाला चिखल. खेळासाठी हीच रचना सोयीची. नकाशा टेबलावर पसरला की सगळे वरून बघतात आणि हरवण्याची भीतीच संपते. वहीत नकाशा नाही, हा निर्णय पक्का.

९ नोव्हेंबर, रविवार

मापं ठरवली. खोलीला वाव, म्हणजे दोन्ही हात पसरल्यावरचं अंतर, सहा फूट. ताऱ्याच्या उंचीला अंगुळ. पल्ल्याला प्रहर.

अंगुळ आणि प्रहर यांचा मेळ आम्ही बसवलेला नाही, तो जुन्या नाविकांचाच आहे. अरबी ‘इस्बा’ म्हणजे बोट. वर्तुळाचे २२४ भाग केले की एक भाग १ अंश ३६ मिनिटांचा होतो. ‘जाम’ म्हणजे तीन तासांची चाल, आपला प्रहरच. ताशी चार सागरी मैलांच्या बेताच्या चालीने एका प्रहरात १२ मैल आणि आठ प्रहरांत ९६ मैल. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, तेव्हा ९६ मैल म्हणजे बरोबर १ अंश ३६ मिनिटं. थोडक्यात, सरळ उत्तरेला एक अहोरात्र चाललं की ध्रुव एक अंगुळ वर चढतो. हे वाक्य वहीच्या पहिल्या पानावर एकटंच छापायचं. बाकीचं गणित यातूनच निघतं.

उत्तर सोडून तिरकं चाललं तर एका अंगुळाला जास्त प्रहर लागतात. होकायंत्राच्या ३२ दिशा, प्रत्येक सव्वाअकरा अंशांची. उत्तरेपासून मोजत गेलं तर : सरळ उत्तरेला ८ प्रहर, पहिल्या दिशेला ८ आणि थोडंसं, दुसरीला पावणेनऊ, तिसरीला साडेनऊ, चौथीला सव्वाअकरा, पाचवीला साडेचौदा, सहावीला २१, सातवीला ४१. हा तक्ता वहीच्या चौथ्या पानावर.

सातव्या दिशेची ओळ खेळाडूला फसवणार, आणि ती फसवायलाच हवी. सुकाणू अर्धी दिशा जरी पूर्वेला घसरलं तरी ४१ चे ८० प्रहर होतात. पूर्व-पश्चिम प्रवासात ध्रुवाची उंची जवळजवळ बदलत नाही, म्हणून तो काही सांगू शकत नाही. आपण किती पूर्वेला आलो हे फक्त चालीच्या हिशेबावरून आणि तळाच्या मातीवरून कळतं. वहीतलं सगळं नाट्य या एका उणिवेत आहे. ती भरून काढणारी कुठलीही जादू या वस्तूला जोडायची नाही, असं आमचं एकमत आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार

कमाल तयार केली. कमाल म्हणजे मधोमध भोक असलेली फळी आणि भोकातून ओवलेली गाठींची दोरी. गाठ दातांत धरायची, दोरी ताठ करायची, फळीची खालची कड क्षितिजाला आणि वरची ताऱ्याला टेकली की आपण त्या गाठीच्या बंदराच्या अक्षांशावर आहोत.

फळी ४ मिलिमीटर प्लायवूडची, १० सेंटिमीटर उंच, ६ रुंद. आमच्या जगातल्या तीन बंदरांच्या गाठी :

शिंपणे, ६ अंगुळं : फळीपासून ५९.५ सेंटिमीटर
दीपगड, साडेनऊ अंगुळं : ३७.५ सेंटिमीटर
मोरतळी, १२ अंगुळं : २९.६ सेंटिमीटर

सहा अंगुळांच्या खाली ही फळी चालत नाही, कारण दोरी हाताच्या लांबीपेक्षा मोठी होते. दक्षिणेकडच्या बेटांसाठी ५ सेंटिमीटरची दुसरी फळी लागेल.

काय बिघडलं : पहिल्या दोरीवर आधी पेनने खुणा केल्या आणि मग गाठी मारल्या. प्रत्येक गाठ दीडेक सेंटिमीटर दोरी खाते, त्यामुळे तिसरी गाठ चार सेंटिमीटर आत आली. गाठ सैल मारून, सरकवत जागेवर आणून मगच आवळायची. नायलॉनची दोरी ताणली जाते, म्हणून मेण लावलेला सुती दोरा घेतला. जांभळी नाक्यावर पतंगाच्या मांज्यापासून गोणी शिवायच्या सुतळीपर्यंत सगळं मिळतं. आपल्याला २ मिलिमीटरचा पिळाचा सुती दोरा हवा, तो फार चढलेल्या पिळाचा नको, नाहीतर फळी हातात गोल फिरत राहते.

२२ नोव्हेंबर, शनिवार

गच्चीवर चाचणी. मोरतळीची उंची मुद्दाम १२ अंगुळं ठेवली आहे : १२ गुणिले १.६ म्हणजे १९.२ अंश, हाच ठाण्याचा अक्षांश, आणि ध्रुव अक्षांशाइतकाच उंच दिसतो. म्हणजे इथल्या गच्चीवरून ध्रुव मोरतळीच्या गाठीवर बसायला हवा.

अडचण क्षितिजाची. ठाण्यातून उत्तरेला समुद्र नाही, इमारती आणि डोंगर आहेत. त्यावर गवंड्यांचा उपाय वापरला : पारदर्शक नळीत पाणी भरून, बघणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीची पातळी उत्तरेकडच्या पाण्याच्या टाकीवर नेली आणि तिथे पांढरी चिकटपट्टी लावली. ही पट्टी म्हणजे क्षितिज. नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पातळी दोन बोटं चुकते, म्हणून नळी एका टोकाने हळूहळू भरायची आणि बोटाने टिचक्या मारत बुडबुडे काढायचे.

चंद्र लवकर मावळला, आकाश बरं होतं. ध्रुव गाठीवर बसला नाही, फळीच्या वरच्या कडेच्या किंचित वर राहिला. कारणं दोन.

पहिलं : गाठ दातांत असते आणि बघतो डोळा. डोळा दातांच्या वर आणि थोडा मागे, त्यामुळे मोजलेली दोरी आणि डोळ्यापासून फळीचं खरं अंतर एक नसतं. ही चूक प्रत्येक चेहऱ्याला वेगळी. म्हणून खऱ्या गाठी गणिताने बांधण्यात अर्थ नाही. ज्याची कमाल त्यानेच, ओळखीच्या बंदरात बसून, तारा बघून गाठ मारायची, म्हणजे चेहऱ्याची चूक गाठीतच मुरते. खेळात थेट नियम केला : दुसऱ्याची कमाल वापरली तर अर्ध्या अंगुळाची चूक, कुठल्या बाजूला ते जीएम (गेम मास्टर, खेळ चालवणारा) गुपचूप ठरवणार. मेलेल्या नाखव्याच्या वहीसोबत त्याची कमाल सापडते, ती अशी अर्धी फसवी आहे.

दुसरं : ध्रुवतारा अगदी ध्रुवबिंदूवर नाही. आज तो तिथून साधारण पाऊण अंशाच्या आत आहे आणि रोज एक छोटं वर्तुळ काढतो. शर्मिष्ठा हा तारकासमूह वर असतो तेव्हा ध्रुवही बिंदूच्या वर असतो. नोव्हेंबरात रात्री नऊपासून मध्यरात्रीपर्यंत हेच चालतं, म्हणून अर्धा अंश जास्त मिळाला. इसवी सन १५०० च्या सुमाराला हे अंतर साडेतीन अंशांच्या आसपास होतं, म्हणजे दोन अंगुळांहून जास्त. तेव्हाच्या नाखव्याने दुरुस्ती केली नाही तर तो उत्तर-दक्षिण २०० मैल चुकायचा. त्यामुळे कुठलं नक्षत्र माथ्यावर आहे हे बघून तो उंचीत अधिक-उणे करायचा.

हे खेळात यायलाच हवं. आमच्या जगातला ध्रुव बिंदूपासून एक अंगुळ दूर ठेवला. ‘पाच बहिणी’ वर असतील तर एक अंगुळ वजा, ‘नांगर’ वर असेल तर एक मिळवा, दोन्ही आडवे असतील तर काही नाही. हे पान वहीत आहे, पण ताऱ्यांच्या भागात नाही. ते शेवटून तिसरं, मासळीच्या हिशेबानंतर आहे. लिहिणाऱ्याला ते इतकं पाठ होतं की आठवलं तिथे त्याने टिपून ठेवलं.

२३ नोव्हेंबर, रविवार

टेबलावर खेळताना आकाश कुठून आणायचं? भिंतीवर दोन मीटर अंतरावरून बघायचं, डोळ्याच्या उंचीवर चिकटपट्टीचं क्षितिज, त्याच्या वर ६९ सेंटिमीटरवर चकतीचा तारा : १९ अंश. भीती होती की उंच-बुटक्या खेळाडूंना वेगळी मापं मिळतील. हिशेब केला : डोळा १० सेंटिमीटर वर असला तरी कोन १९.० चा १९.३ होतो, म्हणजे फरक नगण्य. उलट उभं राहायची जागा १० सेंटिमीटर मागे गेली तर १८.२. म्हणून जमिनीवर टाचेची खूण पक्की करायची, उंचीची काळजी सोडायची.

३० नोव्हेंबर, रविवार

पाणी मापायची दोरी. शिशाचं वजन घरात नको, १५० ग्रॅमचा लोखंडी नट घेतला. दोरी खऱ्या मापाची ठेवली तर २० वाव म्हणजे १२० फूट. टेबलासाठी एक वाव म्हणजे ५ सेंटिमीटर धरला.

खुणा युरोपी जहाजांच्या पद्धतीच्या घेतल्या, कारण त्या अंधारात हाताला कळतात : २ वावांवर दोन शेपट्यांचं चामडं, ३ वर तीन शेपट्यांचं, ५ वर पांढरं सुती कापड, ७ वर लाल लोकरी, १० वर भोक पाडलेलं चामडं. सुती आणि लोकरी मुद्दाम वेगळं, कारण रात्री रंग दिसत नाही, पोत कळतो. काहीजण ओठांना लावून ओळखायचे. रात्रीच्या प्रसंगात खेळाडूने डोळे मिटून खूण ओळखायची, हा खेळातला सर्वात आवडता भाग होणार असं वाटतं.

नटाच्या खालच्या खळग्यात चरबी भरायची, म्हणजे तळाची माती चिकटून वर येते. चरबीऐवजी नुसतं मेण वापरलं तर त्याला काही चिकटत नाही. नुसतं व्हॅसलीन टेबल खराब करतं. एक भाग मेण आणि तीन भाग व्हॅसलीन मंद आचेवर एकत्र केलं की बोट दाबल्यावर ठसा उमटेल इतपत मऊ राहतं. जीएमकडे चार झाकणाच्या डब्या : बारीक वाळू, सुका चिखल, शिंपल्यांचा चुरा, काळे खडे. खेळाडू दोरी सोडतो, पडद्यामागे जीएम नट त्या डबीत टेकवतो, दोरी वर येते. खेळाडू नट उलटा करून बघतो, नखाने खरवडतो, वहीत शोधतो : ‘मोरतळीच्या पश्चिमेला ९ वाव, बारीक वाळू. ७ वाव, शिंपल्यांचा चुरा. काळे खडे दिसले तर फार उत्तरेला आलात, मागे फिरा.’ पूर्व-पश्चिमेची जी उणीव आहे, तिच्यावर एवढाच इलाज.

याच पानावर किनारा जवळ आल्याच्या खुणा. समुद्रात साप दिसू लागले की हिंदुस्थानचा किनारा जवळ आला, हे पहिल्या शतकातल्या ग्रीक व्यापाऱ्यांनाही ठाऊक होतं. आमच्याकडे सापाच्या रंगावरून किनारा कळतो : पट्टेरी म्हणजे खाडीचं तोंड, काळा म्हणजे खडकाळ बेट.

७ डिसेंबर, रविवार

भरतीची पानं. कोकणातला नियम जसाच्या तसा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा.

या नियमाला एक सांधा आहे. पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा येते आणि दुसऱ्या दिवशी प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. मध्ये दीड तासाची उडी. खरी भरती रोज साधारण ४८ ते ५० मिनिटं पुढे सरकते. ४८ धरली तर १५ तिथींचे बरोबर १२ तास होतात आणि सांधा बसतो. पण ‘तिथीची चार-पंचमांश’ कोण तोंडी करणार? पाऊणपट जिभेवर बसते. म्हणून वहीत पाऊणपटच ठेवली आणि समासात वेगळ्या अक्षरात टीप : ‘पौर्णिमा-अमावस्येस पाऊण तास अधिक धरावा.’ शिवाय भरतीची वेळ खाडीच्या मुखाची. आत शिरावं तशी ती उशिरा येते. आपल्या ठाण्याच्या खाडीतही टोकाला पाणी मुखापेक्षा उशिरा चढतं.

मग बंदराच्या तोंडावरचा वाळूचा बांध. उधाणाच्या दिवशी ओहोटीला त्यावर १ वाव पाणी, भरतीला ३ वाव. पाणी सहा तासांत सारख्या गतीने चढत नाही : बाराव्या हिश्शांत मोजलं तर पहिल्या तासाला १, मग २, ३, ३, २, १. म्हणून तासागणिक खोली : १.१७, १.५, २, २.५, २.८३, ३. गलबताला २ वाव पाणी लागतं, खाली अर्धा वाव मोकळा हवा, म्हणजे अडीच. चौथ्या तासापासून भरतीनंतरच्या दुसऱ्या तासापर्यंत वाट उघडी, एकूण चार तास. भांगाच्या दिवशी, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक सर्वात कमी असतो तेव्हा, ओहोटीला दीड आणि भरतीला अडीच. वाट फक्त ऐन भरतीला काही क्षण. खेळाडू तिथी न बघता निघाले तर त्यांना सात-आठ दिवस बाहेर नांगर टाकून बसावं लागतं.

दुसऱ्या चंद्राचा प्रस्ताव बराच वेळ चर्चेत होता. दोन चंद्रांची भरती नीट मांडायची तर प्रत्येक दिवसाला दोन तिथी लागतात. ते पान कोणी वाचणार नाही. धाकटा चंद्र ठेवला, पण एकाच कामाला : दोन्ही चंद्र एकाच रात्री पूर्ण असतील तेव्हा बांधावर एक वाव जास्त पाणी. त्या रात्री मोठं जहाज आत जाऊ शकतं.

वाऱ्यांची पानं लवकर झाली. पहाटे मतलई वाऱ्यावर बाहेर पडायचं, दुपारनंतर खाऱ्या वाऱ्यावर परत. नारळी पौर्णिमेआधी दर्या बंद.

१४ डिसेंबर, रविवार

बांधणी. १०० जीएसएमचा कागद, तीन फर्मे (एकात एक दुमडलेल्या तावांचे जुडगे), प्रत्येकी चार ताव, १६ पानं. जुजबंदी शिलाई, पाच भोकं, मेणाचा दोरा. कागदाची ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाठीला समांतर हवी. पहिला नमुना आडव्या ग्रेनचा झाला आणि वही टेबलावर उघडी राहीना. एका हातात कमाल, दुसऱ्यात दोरी असताना मिटणारी वही काय कामाची?

छपाई लेझरची. इंकजेटची शाई चहाच्या पाण्यात पसरते. समासातल्या टिपा मोडीत, बोरूने हाताने लिहिल्या. युनिकोडमध्ये मोडी २०१४ पासून आहे, पण आमच्या मांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरं तुटत होती, आणि हाताने लिहिलेल्या मोडीची लय फाँटला येतही नाही. खेळात मोडी वाचणारं पात्र असेल तरच जीएम त्या टिपांचा अर्थ सांगतो.

आवरण मांजरपाटाचं. जवसाचं तेल लावून बघितलं. इथल्या दमट हवेत आठवडाभर चिकट राहिलं. तेलाचे बोळे चुरगाळून ठेवू नयेत, सुकताना ते तापतात आणि आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावेत किंवा पाण्यात बुडवून टाकावेत. शेवटी मेण वितळवून लावलं आणि इस्त्रीने आत जिरवलं. पाण्याचा थेंब घरंगळतो.

२१ डिसेंबर, रविवार

पहिला खेळ. चार खेळाडू, तीन तास, दीपगड ते मोरतळी.

पाचव्या दिशेने निघाले. अडीच अंगुळं चढायची, गुणिले साडेचौदा, म्हणजे ३६ प्रहर, साडेचार दिवस. तक्ता त्यांनी स्वतः शोधला, गुणाकार स्वतः केला. पण दुसऱ्या दिवशी वारा पडला आणि त्यांनी गेलेले प्रहर तसेच मोजले. प्रहर हा वेळही आहे आणि पल्लाही, ही गफलत होणारच होती. उपाय : आठ भोकांची खुंट्यांची पाटी. दर प्रहराला एक खुंटी. मंद वाऱ्याला ती अर्ध्यात खोचायची, अर्धा पल्ला. जोराच्या वाऱ्याला लाल खुंटी, दीड पल्ला.

बारा अंगुळं गाठली तेव्हा बंदर पूर्वेला की पश्चिमेला, हे कोणालाच सांगता येईना. वहीच्या १९ व्या पानावर उत्तर होतं : ‘मोरतळीवर नेम धरू नये. दोन दिशा पश्चिमेस राखून बारा अंगुळें गाठावीं, मग पूर्वेस वळावें.’ नेमकं बंदर गाठायला गेलं की चुकलो तर कुठल्या बाजूला हे कळत नाही. मुद्दाम एका बाजूला राहिलं की वळायचं कुठे हे नक्की असतं. ते पान त्यांनी वाचलं होतं, पण निघायच्या आधी त्याचा अर्थ लागला नव्हता. समुद्रात लागला.

पानं शोधण्यात फार वेळ गेला. कडेला अंगठ्याएवढ्या पाच खाचा कापायच्या : तारे, पल्ले, तळ, भरती, वारे.

४ जानेवारी, रविवार

ओल लागण्याचा नियम आज नक्की झाला. लाट वहीपर्यंत आली की डी-सिक्स (सहा बाजूंचा फासा) : १ ते ३ कोरडी, ४ ला शेवटचा फर्मा ओला, ५ ला पहिला, ६ ला दोन्ही. मधला सुरक्षित. ओल्या फर्म्याला खेळाडूने रबरबँड लावायचा, दोन दिवस उन्हात वाळवेपर्यंत तो उघडायचा नाही. ध्रुवाची दुरुस्ती शेवटच्या फर्म्यात आहे, तारे आणि पल्ल्यांचा तक्ता पहिल्या फर्म्यात. दुरुस्ती आधीच दुसऱ्या कागदावर उतरवून ठेवणारे खेळाडू वाचतील, आणि तसं उतरवायला पूर्ण मुभा आहे.

बाकी काम : ५ सेंटिमीटरची दुसरी फळी, काळबेटाच्या तळाचं पान, आणि १९ व्या पानावरची छपाईची चूक. तिथे ‘पूर्वेस वळावें’ च्या जागी दोन प्रतींत ‘पूर्वीस’ पडलंय. त्या दोन प्रती खेळात द्यायच्या नाहीत.